पत्र्यावरची शिवण

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड दाखवलं नाही आणि मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात नांगर यायचे थांबले. रान नांगरणारच कोणी नव्हतं, तर फाळ झिजायचे कसे आणि मोडायचे कसे? पाणी उपसणारी इंजिनं घरोघर पोती पांघरून पडली होती. राहिलं होतं ते ट्रॉल्यांचं काम. दगड, वाळू, पाण्याच्या टाक्या, मजुरीला जाणारी माणसं, असं गावात जे काही अजून हलत होतं ते ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांतून हलत होतं, आणि त्या सगळ्या ट्रॉल्या एकाच माणसाच्या होत्या. त्याला ट्रॉलीवालाच म्हणत. त्याचं काम टिकलं तर मिस्त्रीचं दुकान टिकणार, नाहीतर शटरला कायमचं कुलूप. हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, आणि ट्रॉलीवाला ते विसरू देत नसे.

मिस्त्रीची एक खोड गावभर माहीत होती. तो कुणासमोर वेल्डिंग करत नसे. वस्तू आणून टाका, काय मोडलंय ते सांगा आणि दुसऱ्या दिवशी न्यायला या. कोणी म्हणायचं, मिस्त्रीकडे मंत्र आहे, तो चोरीला जाईल म्हणून भितो. कोणी म्हणायचं, उतारवयात नखरे सुचतात एकेकाला. मिस्त्री सगळं हसण्यावारी नेई. खरं कारण सांगणार कोणाला? तीस वर्षं घाईघाईत डोळ्यांपुढे काळी काच न धरता, नुसते डोळे बारीक करून टाके मारले, ते आता डोळ्यांत उतरलं होतं. ज्या वस्तूकडे सरळ बघावं नेमकी तीच नाहीशी व्हायची. कडेकडेचं दिसायचं. दाराची चौकट दिसे, येणाऱ्या माणसाच्या चपला दिसत, पण तोंडाच्या जागी राखाडी डाग. डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही.

म्हणून दोन वर्षं दुकानातलं सगळं वेल्डिंग त्याची लेक करत होती.

लेक हायस्कुलात दहावीला होती. उजाडायच्या आत शटर अर्धं खाली ओढून बाप-लेक आत बसत. तो लोखंड पकडीत धरायचा आणि कान लावायचा. रॉड नीट चालला की कढईत तळण पडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो, आणि तो आवाज फाटला की मिस्त्री म्हणायचा, "लांब गेला हात. जवळ घे."

"घेतला, बाबा."

"घाई नको. लोखंडाला वितळायला वेळ दे."

पहिल्या वर्षी हे दिवसातून पन्नास वेळा बोलावं लागे. आता महिना-महिना बोलावं लागत नव्हतं. लेकीच्या हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग पडले होते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालून शाळेत जायची. हे घरातल्या तिघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. ट्रॉलीवाल्याला तर ते कळता कामा नये होतं. त्याच्या ट्रॉलीत तीस-तीस माणसं उभ्याने कामावर जात. चढाला ट्रॅक्टरला जोडणारा हूक तुटून सुटलेली ट्रॉली काय करते ते गावाने एकदा बघितलं होतं. आपले हूक एक शाळकरी पोर जोडते हे कानावर गेलं असतं तर त्याने दुकानाकडे फिरकायचंही सोडलं असतं.

त्या वर्षी हायस्कुलाने एक नवं काढलं. दहावीतल्या प्रत्येकाने घरात किंवा गावात नडणारी एक अडचण शोधायची आणि ती दूर करणारी वस्तू स्वतःच्या हातांनी बनवायची. पुस्तकातलं उतरवलेलं चालणार नाही, विकत आणलेलं चालणार नाही. बाहेरचे परीक्षक येणार, आणि पहिल्या येणाऱ्याला शहरातल्या निवासी तंत्रशाळेत सरळ जागा. अख्ख्या शाळेला मिळून एकच जागा.

लेकीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की तिने घरात तसं बोलूनही दाखवलं नाही. एकदाच, भाकरी खाता खाता म्हणाली, "तिथे पत्र्यापासून इंजिनापर्यंत सगळं शिकवतात म्हणे. मुलींनासुद्धा."

"गेलीस तर दुकान?" आईने विचारलं.

मिस्त्रीने हात झटकला. "दुकानाचं मी बघतो. पोरीच्या जन्माला काय दुकान बांधायचं?"

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. दुकानाचं काय बघणार हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

अडचण शोधायला लेकीला लांब जावं लागलं नाही. पाण्याचा टँकर यायचा ती जागा घरापासून बरीच लांब, आणि आईची कंबर वर्षभर धरलेली. दोन हंडे आणून ठेवले की ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि कोणी बघतंय असं दिसलं की पदराने उगीच तोंड पुसायची. लेकीने एका मोडक्या कपाटाचा पत्रा मागून आणला, तो कापून, वाकवून टाकी केली, खाली सायकलची दोन चाकं लावली आणि मागे असा दांडा बसवला की तो वर उचलला की टाकी आपोआप पुढे कलंडावी. भरलेलं पाणी अंगावर घ्यायला नको, वाकायला नको. मापं तिची, चित्र तिचं, हातही तिचा.

कपाटाचा पत्रा जोडणं म्हणजे मात्र खायचं काम नव्हे. जाड लोखंड चूक पोटात घालतं. पातळ पत्र्यावर रॉड क्षणभर रेंगाळला की भोक. चांगले चांगले कारागीर त्याच्या वाटेला जात नाहीत. लेकीने पहिले दोन पत्रे जाळले, तिसऱ्याला जमवलं. चारी बाजूंनी बारीक, एकसारखी, लाटेवर लाट चढावी तशी शिवण.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ती शाळेतून आली आणि दाराशीच थबकली.

"बाबा, आमच्या कार्यशाळेच्या सरांनी फोटो बघितला टाकीचा. ते म्हणाले, शिवण थोडी ओबडधोबड राहू दे."

"कशाला?"

"परीक्षकांना वाटतं घरच्यांनी करून दिलं. दुसऱ्या एका शाळेत असं झालं म्हणे."

मिस्त्रीने टाकीची गाडी जवळ ओढली आणि डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. बघण्यापेक्षा त्याला आता हेच बरं कळायचं. मागच्या कोपऱ्यावर अंगठा अडला.

"इथे काय झालंय?"

"हात हलला होता तिथे. असू दे ना ते. बरंच आहे, सर म्हणतात तसं."

"घास ते. परत मार."

"अहो," आई आतून म्हणाली, "मास्तर सांगतायत तर काही असेल त्यात."

"मास्तर खडूने लिहितात, चुकलं की पुसतात. हे पुसता येत नाही." मग लेकीकडे वळून, आवाज उतरवून तो म्हणाला, "अगं, मुद्दाम वाईट काम करायचं? आपल्या दुकानातून?"

लेकीने ग्राइंडर लावला, गाठ घासून काढली आणि तो कोपरा परत जोडला. मिस्त्रीने पुन्हा अंगठा फिरवला. यावेळी तो कुठेही अडला नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याने आईला बाहेर बोलावून तिचाही अंगठा धरून त्या शिवणीवरून फिरवला.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. बाकं भिंतीला लावून त्यांवर वस्तू मांडल्या होत्या. कोणी बल्बच्या उबेवर अंडी उबवायचं खोकं केलं होतं, कोणी उंदीर जिवंत पकडायचा डबा. एकाने जुन्या बाटल्यांतून रोपांना थेंब थेंब पाणी द्यायची सोय केली होती, तिच्यातून पाणी भलतीकडेच गळत होतं आणि तो पोरगा पायाने फडकं फिरवत उभा होता. आईबाप धुतलेल्या कपड्यांत अवघडून उभे होते. ट्रॉलीवाला शाळेच्या समितीवर होता, तो परीक्षकांच्या बरोबरीने एकेका बाकापाशी थांबत येत होता. मिस्त्रीला त्याचे पांढरे बूट लांबूनच दिसले.

लेकीने पाणी भरून गाडी चालवून दाखवली. दांडा एका हाताने उचलला, टाकी कलंडली आणि बादलीत पाणी पडलं. दोन-चार बायकांच्या तोंडून "अगं बाई" असं निघून गेलं. एक परीक्षक कागदावर भराभर लिहायला लागल्या. दुसरे परीक्षक साठीचे होते, कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते खाली वाकले. त्यांनी शिवणीवरून नख फिरवत नेलं, चारी बाजूंनी, मागच्या कोपऱ्यापर्यंत. मग सरळ उभे राहिले.

"हे कोणी जोडलं?"

"मी, सर."

"बाळ, मी चाळीस वर्षं हे काम केलंय. या पत्र्याला भोक न पाडता असं जोडणारी माझ्याकडे दोन माणसं होती. दोघांचे केस पांढरे होते."

"मीच जोडलंय, सर."

"वडील काय करतात?"

तिने उत्तर द्यायच्या आत ट्रॉलीवाल्यानेच मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "हे काय वडील! वेल्डिंगचं दुकान आहे यांचं. असा हात आसपास कोणाचा नाही. माझ्या सगळ्या ट्रॉल्या यांच्या भरवशावर चालतात."

आजूबाजूला हशा पिकला. कार्यशाळेचे सर पुढे आले. "सर, मुलगी हुशार आहे. आपल्या कार्यशाळेत मशीन आहे, तिला आत्ता सगळ्यांसमोर बोटभर जोडून दाखवायला सांगा."

"हो, दाखवते," लेक म्हणाली. "आणि हे बघा, सर." तिने उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवायला लागली.

हातावरचे ते डाग बघितल्यावर कोणाला काय सांगायचं राहणार होतं? एका गाडीने एवढे डाग पडत नाहीत. मग कोणीतरी विचारणार, कधीपासून? मग ट्रॉलीवाला विचारणार, म्हणजे माझे हूक? सगळं सभागृह कार्यशाळेकडे चाललंय, लेक मशीनवर बसलीये आणि ट्रॉलीवाला मागे हात बांधून बघतोय, हे मिस्त्रीसमोर स्वच्छ उभं राहिलं.

"मी केलं," तो म्हणाला.

लेकीचा हात बाहीवरच थांबला.

"चित्र तिचं आहे. मापं तिची. जोडून मी दिलं." तो सगळ्यांकडे बघत होता आणि त्याला कोणाचंच तोंड दिसत नव्हतं. "पोर आहे, साहेब. म्हणाली, मीच केलं. धरू नका मनावर."

लेकीने बाही खाली ओढली आणि बटण लावलं. ते पहिल्यांदा लागेना, दोनदा करावं लागलं. त्या निवृत्त परीक्षकांनी कागदावर एक रेघ मारली आणि न रागावता, चांगुलपणानेच म्हणाले, "खोटं बोलायचं नसतं, बाळ." मग ते अंड्यांच्या खोक्याकडे वळले. खोक्यातलं एक पिल्लू नेमकं त्याच वेळी टरफल फोडत होतं, त्यामुळे सगळे तिकडेच गेले. मिस्त्री आणि लेक गाडीपाशी दोघेच राहिले.

गाडी ढकलत दोघं घरी आली. आईने दारातून दोघांचे चेहरे बघितले आणि काय ते ओळखलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिने नवऱ्याला सगळं विचारून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तिच्या तोंडचा घास काढून त्या ट्रॉलीवाल्याला दिलात तुम्ही."

"दुकान गेलं असतं."

"जाऊ द्यायचं होतं."

लेक मिस्त्रीशी बोलत होती, पण कामापुरतं. ताट वाढू का, तुमची चप्पल इकडे आहे, एवढंच. ती चिडली असती, रडली असती तर त्याला सोसलं असतं. सभागृहात तो म्हणाला ते खरं धरूनच चालावं तशी ती वागत होती. त्याने हे कसं सोसायचं?

चौथ्या दिवशी तो शाळेत गेला. व्हरांड्यातल्या फळ्यावर विद्यार्थ्यांच्या यशाची यादी रंगीत खडूंनी लिहिली होती. त्याने मान वाकडी करून, कडेच्या नजरेने, एकेक अक्षर जुळवत ती वाचली. अंड्यांच्या खोक्याला पहिला नंबर. लेकीचं नाव कुठेच नव्हतं. मग तो मुख्याध्यापिकेच्या दारात उभा राहिला.

"बाई, एक चूक झाली माझ्या हातून. ती गाडी पोरीनेच केली. सगळी. वेल्डिंगसुद्धा."

बाईंनी त्याला खुर्ची दिली. "मिस्त्री, मला कळतं हो. बाप आहात. जागा गेली म्हणून जीव तुटतोय."

"तसं नाही. मी तिथे खोटं बोललो."

"शंभर माणसांसमोर तुम्ही म्हणालात, मी केलं. आज खोलीत येऊन म्हणता, तिने केलं. मी कशावर विश्वास ठेवू?"

"तिला मशीनवर बसवून बघा ना."

"समजा बसवलं, आणि आलंही तिला." बाई जराशा पुढे झुकल्या. "ते परीक्षक म्हणाले, असा हात यायला वर्षं लागतात. पंधरा वर्षांच्या पोरीला एवढा सराव झाला कुठे? काय काय जोडलंय तिने आजवर? हे सांगा, मग मी स्वतः परीक्षकांना फोन लावते."

टेबलावर फोन होता. मिस्त्रीला त्याची कड दिसत होती. सांगायला चार शब्द पुरले असते. पण बाईंच्या मागे भिंतीवर समितीच्या लोकांचा, त्यात ट्रॉलीवाल्याचाही, फोटो होता, आणि समितीची बैठक दोन दिवसांवर होती. बाई तिथे बोलणारच. त्या खोट्या नव्हत्या, म्हणूनच बोलणार.

"घरीच," तो म्हणाला. "असंच. बघून बघून."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि फोन बाजूला सरकवला. "जा मिस्त्री. पोरीला सांभाळा. पुढे बघू काहीतरी."

दाराबाहेर पडल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो शाळेच्या नळापाशी जाऊन तोंड धुवायला लागला. नळाला पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक शाळेला निघायच्या बेतात होती तेव्हा, दुकानासमोर ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत माणसं खच्चून उभी होती, बायकांच्या हातात टोपल्या, पुरुषांच्या खांद्यांवर खोरी. ट्रॉलीवाला स्वतः खाली उतरला.

"मिस्त्री, हूक चिरलाय. बरं तर बरं, सपाटीला लक्षात आलं. जोड आत्ताच."

"ठेवून जा. दुपारी न्या."

"दुपारी काय? माणसं उभी आहेत, दिसत नाही का?" ट्रॉलीवाला एका उलट्या डब्यावर बसलासुद्धा. तो खुशीत होता. "आणि आता कसला पडदा रे तुझा? त्या परीक्षकाने माझ्यादेखत तारीफ केली तुझ्या हाताची. तेव्हापासून मनात आहे, एकदा समोर बसून बघायचं."

मिस्त्रीने आतल्या दाराकडे मान वळवली. लेक तिथेच उभी होती, पाठीवर दप्तर.

"पोरी," तो म्हणाला, "जरा ये इकडे. मदत कर."

"मला कुठं येतं, बाबा?"

ती टोचून बोलली नव्हती. साधंच बोलली. ट्रॉलीवाला हसला. "खरंय. शिकली धडा."

मग मिस्त्रीने रॉडचा होल्डर हातात घेतला. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने हूक सोडवून पकडीत दिला. मिस्त्रीने चीर अंगठ्याने शोधली, रॉड टेकवला, आणि ठिणगी उडताच ती चीर, तो हूक, आपला हात, सगळं त्या डागात गेलं. तो आवाजावर चालत राहिला. आवाज फाटत होता. दोनदा रॉड चिकटला, त्याने हिसका देऊन सोडवला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. रॉड संपला तेव्हा त्याने वरची खपली ठोकून काढली, हूक बादलीतल्या पाण्यात बुडवून गार केला आणि वाट बघत उभा राहिला.

"झालं?" ट्रॉलीवाला उठला, वाकून बघितलं. "जरा गबाळं दिसतंय, पण तुझा हात म्हटल्यावर आत पक्कंच असणार. लावा रे."

ड्रायव्हरने हूक उचलला. मिस्त्रीने कडेच्या नजरेने लेकीकडे बघितलं. तिला दारातूनही कळलं होतं. लोखंडाने लोखंड धरलंच नव्हतं, रॉडचा वितळलेला माल नुसता वर बसला होता. तिचं तोंड उघडलं आणि ती काहीतरी बोलणार तोच बाहेर ट्रॉलीतून कोणीतरी हाक मारली, "चला हो लवकर, पहिल्या चढालाच ऊन लागेल!"

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "लावू नका तो."

"आता काय?"

"तुटेल. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, मला समोरचं दिसत नाही." त्याचा आवाज चढत गेला, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल इतका. "तुमचे सगळे हूक पोरीने जोडलेत. एकही तुटला नाही. शाळेतली गाडीपण तिचीच. हा एवढा मी केलाय, हा लावू नका. तिला द्या, ती घडीभरात करेल."

ट्रॉलीवाला बघत राहिला. आधी मिस्त्रीच्या डोळ्यांकडे, मग दारातल्या पोरीकडे. त्याने कोणाला शपथ घातली नाही, करून दाखव म्हटलं नाही. शाळेत ज्यावर कोणी विश्वास ठेवला नाही ते त्याला पहिल्या शब्दाला पटलं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "माझी माणसं तू एका पोरीच्या हातावर सोडलीस."

"तुटला का एक तरी?"

"ते तुझं नशीब." तो लेकीकडे वळला. "येतं तुला?"

तिने मान हलवली.

"मग त्या दिवशी गप्प का बसलीस?"

"बाबा बोलले होते ना," ती म्हणाली.

ट्रॉलीवाल्याने क्षणभर हूक हातात तोलला, जणू आता तो तिच्या पुढ्यात ठेवणार. मग त्याने तो ड्रायव्हरच्या हातात दिला. "पुढच्या गावात नेऊन जोडून आण. आणि बाकीच्या ट्रॉल्यांचेही हूक उद्याच्या उद्या तिकडून तपासून घ्यायचे. एकूण एक." दुकानातून बाहेर पडताना त्याने मागे बघितलं नाही. रस्त्यावर जाऊन तो मोठ्याने म्हणाला, "उतरा सगळे. आज चालत जायचंय."

माणसं एकेक करून उतरली. टोपल्या खाली आल्या, खोरी एकमेकांवर आपटली. का, काय झालं, असं मागचे पुढच्यांना विचारत होते आणि पुढचे दुकानाकडे हात करून सांगत होते.

लेकीने दप्तर खाली ठेवलं आणि मशीनचं बटण बंद केलं. मशीनची घरघर थांबली तशी रस्त्याने चालत निघालेल्यांची बोलणी दुकानात स्पष्ट ऐकू येऊ लागली.